मंजुषा मॅचिंग सेंटर

मंजुषानं काडी ओढली, आणि समोरचं गिऱ्हाईक पायऱ्या उतरून पार रस्त्यात जाऊन उभं राहिलं.

धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारपेठेत भांड्याच्या दुकानाला लागून 'मंजुषा मॅचिंग सेंटर' आहे. दुकान कसलं, दोन बाया आत शिरल्या तर तिसरीनं श्वास बाहेर सोडून यावं. पण तेवढ्या जागेत भिंतभर ब्लाउजपीस, अस्तरं, रिळं, फॉल, लेस, आणि गल्ल्याशेजारी देवाच्या तसबिरीपुढं सकाळपासून जळणारी उदबत्ती. बाई साडी घेऊन येते. मंजुषा ती साडी घेऊन बाहेर पायरीवर जाते, उन्हात धरते, डोळे बारीक करते, आणि मगच कापडाच्या गठ्ठ्याला हात घालते. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग घरी गेल्यावर सवतीसारखा वागतो. मोठ्या मोठ्या दुकानांत हे कुणी सांगत नाही, तिथं बायका कपाटातल्या आरशात बघून खूश होतात आणि लग्नाच्या मांडवात तोंड पाडून बसतात. मंजुषाकडचं पोलकं असं कधी उलटलं नाही.

त्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक बाईमाणूस नव्हतं. उंच, उन्हानं रापलेला, मळक्या सुती कपड्यांतला एक पोरगा पायरीवरच थांबला होता. आत यायचं नाव नाही. हातातली पिशवी लांबूनच पुढं केली. आत आईची जांभळी साडी.

"ह्याच्यावर पोलक्याचं कापड पायजे. सुतीच. नायलॉनचा एक धागा बी चालायचा न्हाय."

"सुतीच आहे."

"समदेच म्हणत्यात सुतीच आहे."

हे मंजुषाला लागलं. रंगाला नावं ठेवा, भावाला ठेवा, पण तिच्या शब्दाला नाही. तिनं कापडाच्या कडेचा एक धागा उपसला आणि गल्ल्यावरची काडेपेटी घेतली. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटाला राख लागते. नायलॉन आकसतं, त्याची काळी गोळी होते. कापड विकणाऱ्याकडं याहून मोठी शपथ नाही.

"बघा आता," असं म्हणून तिनं काडी ओढली, आणि तो रस्त्यात. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, जणू ते हात त्याचे नव्हतेच, कुणाचे तरी सांभाळायला घेतले होते.

"भ्यालाव का काय?"

"भ्यालो," तो तिथूनच म्हणाला. जराही न लाजता. "लावा आता धाग्याला. हितनं दिसतंय."

धागा जळला. मंजुषानं राखेचं बोट वर करून दाखवलं. त्यानं मान हलवली.

"विझली काडी? नीट बघा... पाय द्या तिच्यावर. आता बोलू."

तो तेरखेड्याचा. नाव मल्हार. फटाक्याच्या शेडमध्ये दारू चाळायचं, कालवायचं काम. अंगावरच्या कपड्यांत, नखांत, भुवयांत तिची भुकटी बसलेली. शेडसाठी सूत आणि कागद न्यायला आला होता, तसाच कामावरनं. "आमच्याकडं रीत हाय," तो पायरीवर परत आला तेव्हा म्हणाला, "अंगावर काम असलं की जळत्या दिव्याच्या घरात शिरायचं न्हाय. तुमची उदबत्ती चालू हाय. म्हणून आत आलो न्हाय. तुम्हाला वाटलं असंल, पोरगा मगरूर हाय."

मंजुषाला आधी तेच वाटलं होतं. तिच्याही घरातला एक माणूस रोज तेरखेड्याला कामाला जात होता. त्याचा फोटो आता भिंतीवर आहे.

कापड बांधून होईपर्यंत मल्हार वरची पाटी वाचत उभा होता. वाचता वाचता हसला.

"काय झालं हसायला?"

"हा शब्द आमच्या शेडमध्ये लई जपून वापरत्यात. तुमी तर पाटीवर रंगवून लावलाय."

"कुठला? मंजुषा?"

"न्हाय. त्यो बी जपूनच वापरावा लागंल म्हणा..." तो एकदम थांबला, आणि कानापर्यंत लाल झाला. "मॅच."

मग त्यानं सांगितलं. त्याचे चुलते ज्ञानूतात्या शेडमधले सगळ्यात जुने कामगार. त्यांचा नियम असा की शेडमध्ये विस्तवाचं नाव घ्यायचं नाही. काडी म्हणायचं नाही, पेटणं म्हणायचं नाही, चेष्टेतही नाही. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. पण कुणी गडी विसरून खिशात काडेपेटी घेऊन आला तर विचारायचं कसं? म्हणून तात्यांनी इंग्रजी शब्द धरला. 'खिशात मॅच हाय का रं?' विस्तवाला मराठी कळतं, इंग्रजी कळत नाही.

"हा मॅच तो मॅच न्हाय," मंजुषा म्हणाली. "हा रंगाला रंग जुळतो तो."

"आन् माणसाला माणूस जुळतो तो?"

"पिशवी धरा. मागं गिऱ्हाईक थांबलंय."

मागं कुणीही नव्हतं. तो गेल्यावर मंजुषाला आठवलं, बाजारात कुणीही दुकानात आलं की 'ओ ताई' म्हणतं. हातगाडीवाला म्हणतो, तिच्या बापाच्या वयाचे लोक म्हणतात. हा एवढा वेळ बोलला... एकदाही ताई म्हणाला नाही.

पुढच्या बाजाराला तो पिवळी साडी घेऊन आला. त्याच्या पुढच्या बाजाराला चटणी रंगाची. त्याची आई बानूबाई त्याच शेडमध्ये वाती वळायची, आणि तिला म्हणे पोलकं जुळलेलंच लागायचं.

"शेडमध्ये कोण बघतंय मॅचिंग?" मंजुषानं विचारलं.

"म्याबी तेच म्हणलं. तर म्हणती, आमच्या कामाचा काय भरवसा, वर जायचं झालं तर मॅचिंगमध्ये जाईन. येड्यावानी नगं."

तेरखेड्याची माणसं असंच बोलतात. बाहेरच्याला वाटतं निर्लज्ज आहेत.

साडी बघायची तर उन्हात, आणि तो तर उन्हातच उभा. मग तिला बाहेर यावं लागायचं. एक टोक तिनं धरायचं, एक त्यानं, मधे पाच वार साडी ताणलेली. तिच्यावरून ऊन सरकायचं आणि दोघांचे चेहरे साडीच्या रंगाचे व्हायचे. भांड्याच्या दुकानातला म्हातारा तांब्या पुसायचा थांबून बघत बसायचा. बघेना का. साडी बघायला कुणाची बंदी आहे?

चौथी साडी मोरपिशी, नवीकोरी, भारीतली.

"ही तुमच्या आईची न्हाय," मंजुषा म्हणाली.

"...शेजारणीची हाय."

"आता शेजारणीचं बी मॅचिंग तुमीच करता?"

"आईच्या साड्या संपल्या," मल्हार खाली बघत म्हणाला. "तिला तीनच हायत."

मंजुषानं साडी तोंडापुढं धरली. रंग बघायला. हसू लपवायला म्हणा पाहिजे तर.

मग परतीचा पाऊस लागला. सकाळी ऊन, दुपारी आभाळ, आणि चारच्या सुमाराला अशी सर की रस्त्यावरची भाजी वाहून नालीत. पावसात शेड बंद असते, दारू वाळत नाही. अशा एका दुपारी मल्हार दुकानात आला तो अंघोळ करून, भांग पाडून, पांढऱ्या सदऱ्यात. अंगाला साबणाचा वास. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबला, सवयच ती. मग उदबत्तीकडं बघून आत आला आणि स्टुलावर असा अंग चोरून बसला, की जणू देवळात पहिल्यांदा शिरलेलं पोर.

दुकानात आधीच शिवांजली मॅडम अडकल्या होत्या. कॉलेजात इंग्रजी शिकवतात. पगार मोठा, पण बाई साधी, रिळाचा भावही विचारून घेते. मंजुषाला वाटलं, विचारून टाकावं.

"मॅडम, मॅच म्हणजे नक्की काय ओ? ह्यांच्यात म्हणजे काडी, माझ्याकडं म्हणजे रंग, क्रिकेटवाल्यांचं आणखी तिसरंच. शब्द एवढासा आणि कुळं किती?"

मॅडमना असला प्रश्न म्हणजे तहानलेल्याला पाणी. पर्स मांडीवर ठेवून नीट बसल्या.

"दोन वेगळे शब्द आहेत गं ते. आवाज एक, घरं दोन. एक आला फ्रान्सकडून. त्याचा मूळ अर्थ वात. दिव्याची वात."

"वात?" मल्हार म्हणाला.

"हो. आणि त्याच्याही मागं गेलं तर, असं म्हणतात, ग्रीक लोकांत त्याचा अर्थ होता शेंबूड."

"ई!" मंजुषा म्हणाली.

"अगं, जुन्या दिव्याला चोच असायची. तिच्यातून वात लोंबायची, थंडीतल्या पोराच्या नाकासारखी. तसं पडलं असेल नाव. मग तोफेला बत्ती द्यायची जी दोरी असते ना, हळूहळू जळत जाणारी, तिला तेच नाव मिळालं. काडी तर फार उशिरा आली. नाव वातीचं होतं, ते काडीला चिकटलं."

मल्हार हसला नाही. त्यानं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. आईची बोटं दिवसभर वाती वळायची, आणि हा लहानपणी तिच्या मांडीला टेकून तेच शिकला होता.

"म्हंजे विस्तवाला चुकवायला जे नाव धरलं," तो हळू म्हणाला, "ते आमच्या हातातल्याच वस्तूचं निघालं."

"तसं म्हणता येईल."

"मॅडम, तात्या कधी दुकानात आले तर हे सांगू नगा. म्हाताऱ्याचा तेवढाच धीर हाय."

पावसाचा आवाज मोठा झाला.

"आणि दुसरं घर?" मंजुषानं विचारलं. रिळं आधीच लावलेली होती, ती पुन्हा लावत.

"दुसरा तिथलाच, इंग्लंडचा, जुन्यातला जुना. त्याचा अर्थ जोडीदार. आपल्या मापाचा, आपल्या बरोबरीचा. घडवणं या अर्थाचा जो शब्द आहे त्याच्याशी त्याचं नातं सांगतात. एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसेल असं घडवलेलं. म्हणून तुझे रंग जुळतात तेही मॅच, आणि बरोबरीच्या दोन संघांची झुंज तीही मॅच." मॅडमनी दोघांकडं बघितलं, बाहेर बघितलं, आणि छत्री उघडली. "पाऊस थांबला वाटतं."

पाऊस थांबला नव्हता. चांगला कोसळत होता. शिकलेल्या बायकांत असा शहाणपणा क्वचित दिसतो.

मॅडम गेल्यावर मल्हार म्हणाला, "वात, न्हायतर जोडीदार. पाटीवर तुमी कुठला लिवलाय?"

"पाटी रंगवणाऱ्याला विचारा."

"रंगवणाऱ्याला न्हाय विचारायचं मला."

मंजुषाच्या हातातलं रीळ सुटलं, घरंगळत त्याच्या पायाशी गेलं. त्यानं उचललं, सुटलेला दोरा बोटाभोवती घट्ट गुंडाळत गुंडाळत तिच्यापर्यंत आणला. वळणारे हात ते. दोरा कुठंही ढिला नव्हता.

त्यानंतरच्या बाजाराला मल्हार कामाच्या कपड्यांत आला, पायरीवर थांबला, आणि आत बघतच राहिला. तसबिरीपुढचं उदबत्तीचं घर रिकामं होतं. धूर नाही, वास नाही.

"उदबत्ती लावली न्हाईस?"

तुमीचं तू कधी झालं ते दोघांनाही समजलं नाही.

"विसरले."

"खोटं."

"संध्याकाळी लावीन. देव काय दुपारपर्यंत उपाशी मरत न्हाय."

मल्हारनं चपला पायरीखाली काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत आला. प्रेमाची कबुली लोक फुलं देऊन करतात, मोबाइलवर लाल बदाम पाठवतात. मंजुषानं देवाची उदबत्ती लावली नव्हती. एवढंच. पण मल्हारला त्याहून जास्त कुणी काही दिलं नव्हतं.

हे फार दिवस लपणार नव्हतं, कारण मंजुषाची आई सिताबाई आंधळी नव्हती.

सिताबाईनं ते दुकान दुसऱ्याच्या रानात खुरपून उभं केलं होतं. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले होते, पोरीला उजवून टाका, बाई कुठवर पुरी पडंल? सिताबाईनं त्यांना अंगणातनंच वाटेला लावलं होतं. कुणापुढं पदर पसरला नाही, आणि कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. अशी बाई बाजाराच्या दिवशी डबा घेऊन दुकानात आली, आणि डबा ठेवायच्या आधी तिनं उदबत्तीच्या घरावरून बोट फिरवलं. राख नव्हती.

"मंजे. देवाला आज काय दिलंस?"

"आई, गडबडीत..."

"मागल्या बाजाराला बी गडबडच व्हती. बाकी दिवशी राखंचा ढीग अन् बाजारादिवशीच गडबड?" सिताबाईनं डबा ठेवला. तिचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की मंजुषाला जास्त भीती वाटायची. "कोण येतंय दारूकाम करणारं?"

दुसऱ्या कुठल्याच आईला ते कळलं नसतं. पण सिताबाई दारूकाम करणाऱ्याची बायको होती.

मंजुषानं सगळं सांगितलं. आईपुढं खोटं बोलून उपयोग नव्हता. साड्यांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, अगदी मॅडमनी सांगितलेलं शब्दाचंही सांगितलं, की एक अर्थ वात आणि दुसरा आपल्या मापाचा.

"इंग्रजाला दोन वस्तूंला दोन नावं ठेवायला सुचली न्हाईत व्हय?" सिताबाई म्हणाली. "एवढा मुलूख घेतला, अन् नावाला महाग?" पण ती हसत नव्हती. "ऐक. तुझा बाप गोरोबा लई रुबाबाचा गडी. शेडमधले बाकीचे लोक घरी आले की बाहेर थांबायचे, कपडे उतरायचे, अंगावर पाणी घ्यायचे. ह्येला लाज वाटायची. मर्दानं स्वतःच्या दाराबाहेर भिकाऱ्यावानी उभं राहायचं व्हय, म्हणायचा. तसाच आत यायचा, तसाच चुलीपुढं बसायचा, गरम भाकरी पायजे म्हणून. म्या बोंबलायची. हसायचा. एक दिवस चुलीतनं ठिणगी उडाली." तिनं उदबत्तीच्या रिकाम्या घराकडं बघितलं. "तू ल्हान होतीस. तुला मावशीकडं पाठवलं व्हतं. तुला फकस्त फोटो म्हायतीय."

मंजुषाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं शेडमध्ये झालं.

"तवापासनं सांगते, त्या धंद्यातली माणसं मरणाची चेष्टा करत्यात. त्या घरात माझी पोरगी जाणार न्हाय. मापाचा असू दे न्हायतर सोन्याचा."

पुढच्या बाजाराला उदबत्ती जळत होती. मल्हारनं लांबूनच धूर बघितला आणि पायरीवर थांबला. मंजुषा बाहेर आली. हातात साडी नव्हती.

"आईनं नको म्हणलंय."

"कळलं मला. धुरावरनंच."

"तुला काही बोलायचं न्हाय?"

"त्या काय चूक म्हणत न्हाईत," मल्हार म्हणाला. "म्या काम सोडतो म्हणून खोटं बोलू शकतो. चार दिवस खपंल. पण मला दुसरं येत न्हाय, मंजुषा. अन् तुला फसवून न्यायचं नसतंय."

तो सूत घेऊन गेला. गेला तसा वळून बघितलंही नाही, आणि मंजुषानं तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडं बघणं सोडलं नाही. दोघांत कोण जास्त हट्टी ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दिवाळी जवळ आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुपारी मंजुषा पायरीवर कुणाची तरी शेंदरी साडी उन्हात धरून उभी होती, तेवढ्यात आवाज आला. लांबचा, जाड, जमिनीतून आल्यासारखा. शेजारच्या दुकानातली भांडी किणकिणली. बाजार गप्प झाला. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. तेरखेड्याच्या अंगाला, स्वच्छ आभाळात, काळ्या-पांढऱ्या धुराचा खांब हळू हळू वर चढत होता.

मंजुषानं फोन लावला. बंद. शेडमध्ये फोन नेत नाहीत, फाटकावरच्या पेटीत ठेवतात, हे तिला माहीत होतं. तरी लावला. परत लावला.

"मंजुषा, रंग जुळतोय का गं?" साडीवाल्या बाईनं विचारलं.

"न्हाय जुळत," मंजुषा म्हणाली. तिला साडीत कुठलाच रंग दिसत नव्हता.

तिनं शटर ओढलं आणि घरी गेली. सिताबाई अंगणात उभी होती, धुराकडं तोंड करून, पदराचं टोक दातात धरून. पोरीकडं बघितलं. दोघी पायरीवर बसल्या. कुणी काही सांगत होतं, कुणी काही. कुणी म्हणालं दोन गेले, कुणी म्हणालं कुणी नाही. खरं सांगणारा एकही नव्हता, आणि तोंडं तर उघडीच होती.

दिवस मावळला. सिताबाई उठली, रोजच्यासारखी गोरोबाच्या फोटोपुढं बसली. तिथला दिवा तिनं इतक्या वर्षांत एकही संध्याकाळ चुकवला नव्हता. आज काडी पहिल्यांदा ओढली ती मोडली. दुसरीही मोडली. तिसरी लागली.

तेवढ्यात कुंपणाशी मोटारसायकल थांबली.

शेवग्याच्या झाडाखाली कुणीतरी उभं होतं. सदरा फाटलेला, तोंड काळं पडलेलं, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. मंजुषा उठली.

"मावशी," मल्हारनं तिथूनच हाक मारली. "म्या मल्हार. तेरखेड्याचा. मंजुषाला सांगा... म्या बरा हाय. आई बी बरी हाय. फोन पेटीत व्हता, अन् पेटीच राहिली न्हाय. म्हणून यावं लागलं. न्हायतर आलो नसतो."

"कुणी गेलं का?" सिताबाई दारातून म्हणाली.

"न्हाय. समदे लिंबाखाली जेवायला बसलो व्हतो. दारू वाळत टाकलेली. ऊनच असलं तापलं व्हतं. तात्या चाळण्या उचलायला गेले. हात भाजले त्यांचे. दोन्ही. धाराशिवला नेलंय. जीपमध्ये मला म्हणले, विस्तवाचं नाव न घेता बी त्यो आला की रं..."

"आत ये," सिताबाई म्हणाली.

"न्हाय मावशी."

"माझ्या घरी पाणी चालत न्हाय का तुला?"

"तसं न्हाय. दिवा लावलाय तुमी. अन् अंगावर काम हाय. पाणी हितंच द्या, उभ्यानं पितो."

सिताबाई त्याच्याकडं बघत राहिली. पोरगं मरणातनं आलं होतं. समोर उघडं दार होतं. तरी ते उंबऱ्यापासून एवढं लांब उभं होतं, हात बाजूला धरून. त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

ती एकाएकी वळली आणि आत गेली. मंजुषाला वाटलं, आता दार लावणार. पण सिताबाई फोटोपुढं बसली. नवऱ्याकडं एकदा बघितलं. मग दोन बोटं तोंडात ओली केली आणि वातीची ज्योत चिमटीत धरून शांत केली. स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण खालून बंद केलं. कोनाड्यातली काडेपेटी उचलली, ती घेऊन अंगण ओलांडून गेली, मल्हारच्या बाजूनं नाही तर दुसऱ्या बाजूनं, आणि कुंपणापलीकडच्या दगडावर ठेवून आली.

"आता ये," ती म्हणाली.

मल्हारनं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत आला. घरात अंधार होता. मंजुषानं तांब्या दिला, तो त्यानं घटाघटा प्यायला.

"मावशी," पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "काम सोडतो असं म्हणायला आलो न्हाय म्या. तात्याचे हात भाजलेत, आता तर समदं माझ्यावरच—"

"सोड म्हणलं का म्या?" सिताबाईचा आवाज नेहमीसारखा धारदार होता, फक्त त्याला ओल होती. "काम कर न्हायतर दुसरं बघ, ते तुझं तू ठरव. पर दाराबाहेर थांबायचं सोडू नको. जन्मभर. लोक हसले तरी. बायको हसली तरी."

बायको हा शब्द अंधारात तसाच राहिला. कुणी उचलला नाही, कुणी परतही केला नाही.

"मंजे," थोड्या वेळानं सिताबाई म्हणाली, "ती मास्तरीण काय म्हणली व्हती? दुसऱ्या घरचा अर्थ?"

"आपल्या मापाचा," मंजुषा म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ते लपवायची गरज नव्हती.

"तुमचं दुकानदारांचं लई कवतिक. उन्हात धरल्याशिवाय जुळतंय का कळत न्हाय तुम्हाला. मला अंधारात बी दिसलं."

मग ती बाहेर पायरीवर जाऊन बसली, पाठ आत करून. अशा वेळी आईनं कुठं बघायचं नसतं ते तिला कळत होतं. आत मंजुषाच्या हाताला एक खरखरीत हात लागला. त्याच्या बोटांवर दारूची भुकटी होती, ती तिच्या बोटांना लागली. तिनं हात काढून घेतला नाही.

त्या घरात त्या रात्री कुणी काडी ओढली नाही.